सगळ्या इमारतींची दरवर्षी अग्निसुरक्षा तपासणी केली तर पालिकेला खरा खर्च किती येईल?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरातल्या सगळ्या उंच आणि वर्दळीच्या इमारतींची अग्निशमन विभागाने दरवर्षी सक्तीने तपासणी करावी, असा ठराव तुमच्या महापालिकेत येतोय. एक गट म्हणतो, जिवापुढे पैसा कसला. दुसरा म्हणतो, पालिकेला कोट्यवधींचा भुर्दंड बसेल. खरा आकडा काय आणि तो कोणी सोसायचा, हे तुम्हाला सभेपूर्वी हवंय.

मी एकतीस वर्षं एका महापालिकेच्या अग्निशमन दलात काढली. त्यातली शेवटची नऊ तपासणी आणि ना-हरकत दाखल्यांच्या टेबलावर गेली. माझं मत आधीच सांगतो: दोन्ही गट चुकीच्या खर्चावर भांडतायत. तपासणी स्वस्त असते. महाग असतं ते तपासणीनंतरचं सगळं, आणि ते ठरावात कुणी लिहीत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तपासणी आजही सक्तीचीच आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा ६ डिसेंबर २००८ पासून लागू आहे. इमारतीतली यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी त्याने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे, म्हणजे सोसायटी असेल तर सोसायटीवर. परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि दरवर्षी जानेवारी व जुलै असं दोनदा अग्निशमन विभागाला द्यायचं. यालाच सगळे ‘बी फॉर्म’ म्हणतात. पालिकेने प्रत्येक इमारतीचा जिना चढायचा म्हटलं तर माणसं पुरणार नाहीत, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असणार. म्हणून रोजचा खर्च मालकाच्या गळ्यात घातला आणि सरकारकडे अधिकार ठेवले: पाहणी, नोटीस, वीज-पाणी तोडणं, खटला. शिक्षाही काही किरकोळ नाही. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि २० हजार ते ५० हजार रुपये दंड.

कागदावर ही सोय छान आहे. अडचण अशी की, ज्या एजन्सीकडे पंपाच्या देखभालीचं वार्षिक कंत्राट, बहुतेक वेळा तीच पंप ठणठणीत असल्याचं लिहून देते. इमारतीचं तोंडही न बघता दोनेक हजारांत घरपोच आलेले बी फॉर्म मी भरपूर पाहिलेत. एका फॉर्मात गच्चीवरचा बूस्टर पंप ‘चालू’ होता. वर जाऊन पाहतो तर पंपाच्या जागी नुसता सिमेंटचा चौथरा आणि त्यावर तुळशीची कुंडी. तुळस मात्र टवटवीत होती.

म्हणजे तुमचा ठराव नवी सक्ती आणत नाहीये. कायद्याने मालकाकडे ढकललेलं काम तो पालिकेच्या अंगावर परत घेतोय. आता त्याचा हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या आस्थापना विभागाकडून खरे पगार घेऊन ते बदला.

समजा शहर ४ लाख वस्तीचं आहे आणि तपासायच्या इमारती २,४०० आहेत. यात उंच निवासी इमारती, रुग्णालयं, शाळा, वसतिगृहं, मंगल कार्यालयं, मॉल, लॉज सगळं आलं. एका इमारतीची प्रामाणिक तपासणी म्हणजे जागेवर तीन तास आणि अहवालाला एक तास. म्हणजे एक अधिकारी दिवसाला दोन इमारती करेल. वर्षात त्याला मैदानात किती दिवस मिळतील? आगीच्या वर्दी, बंदोबस्त, विसर्जन घाट, पावसाळ्यातली झाडं, मंत्र्यांचे दौरे, प्रशिक्षण आणि रजा वजा केल्यावर १८० मिळाले तरी खूप. म्हणजे वर्षाला ३६० इमारती, म्हणजे सात अधिकारी. एका अधिकाऱ्याचा सगळे भत्ते आणि निवृत्तिवेतनाचा भार धरून १० लाख, सोबतच्या फायरमनचे ६ लाख, गाडी-डिझेल-कारकून मिळून ४ लाख धरा. एका पथकाचे २० लाख, सातांचे १ कोटी ४० लाख. इमारतीमागे साधारण ५,८०० रुपये आणि माणशी वर्षाला ३५ रुपये. दोन वडापाव.

एवढ्यावर पहिला गट टाळ्या वाजवेल. त्यांना जरा थांबवा.

आधी त्या तीन तासांत काय होतं ते सांगतो, कारण ‘एका इमारतीला तीन तास कशाला?’ असं सभेत कोणीतरी विचारणारच. चाळीस फ्लॅटची दहा मजली इमारत घ्या. पंपरूमला कुलूप असतं. किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन गावाला. सेक्रेटरी घरातून किल्ल्यांचा जुडगा आणतात, त्यातली अकरावी लागते. पंपाचं पॅनल ‘मॅन्युअल’वर असतं. का? तर ‘ऑटो’वर ठेवलं की पाइपातल्या गळतीने दाब उतरतो आणि पंप रात्री-अपरात्री सुरू होतो, खालच्या मजल्यावरच्यांची झोप जाते. गळती काढायला प्लंबर लागतो, स्विच फिरवायला बोट पुरतं. मग एकेक मजला चढत जायचं. प्रत्येक मजल्यावर लँडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे होज (आग विझवायचा पाण्याचा पाइप) जोडायची तोटी असते, पण होजच्या पेटीतलं पितळी नोझल कधीच भंगारात गेलेलं. होज वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून चिरलेली. सगळ्यात वरच्या मजल्यावर व्हॉल्व्ह उघडून गेज लावायचं. साडेतीन किलोचा दाब मिळायला हवा. मिळतो दीड, आणि तोही दोन मिनिटं.

धुराचा विषय लोकांना आगीपेक्षा हलका वाटतो. आमचा अनुभव उलटा आहे. ज्वाळा पोचायच्या आधी धुराने माणूस पडतो, आणि उंच इमारतीत जिना हेच धुराचं धुराडं होतं. म्हणून जिन्याची दारं आपोआप मिटणारी असावी लागतात. तपासणीत त्यातल्या निम्म्या दारांना वीट लावून उघडं ठेवलेलं दिसतं, कारण येता-जाता ढकलायचा कंटाळा. आणि धूरशोधक? एका इमारतीत पॅनल बंद का, म्हणून विचारलं. सेक्रेटरी सरळपणे म्हणाले, “साहेब, गणपतीत धुपाने भोंगा वाजला, आरती थांबली, सगळे ओरडले. तेव्हापासून बंदच आहे.” मी गेलो होतो मार्चमध्ये. रिफ्युज मजल्याबद्दल, म्हणजे आगीत रहिवाशांनी आसऱ्याला थांबायच्या मोकळ्या जागेबद्दल, बोलतच नाही, तिथे जुने सोफे आणि मुलांच्या सायकली असतात.

आता पुढचा खर्च. अशी तपासणी केली की दहापैकी सहा इमारतींत तरी दोष निघतील, असं धरून चाला. म्हणजे १,४४० नोटिसा. प्रत्येकीच्या मागे सरासरी दोन फेरतपासण्या, अर्ध्या वेळाच्या धरल्या तरी ते काम आणखी १,४४० पूर्ण तपासण्यांएवढं झालं. म्हणजे आणखी चार पथकं, ८० लाख. एकूण २ कोटी २० लाख, माणशी ५५ रुपये. यात अजून कोर्टाच्या तारखा धरलेल्या नाहीत. एक खटला म्हणजे तपास अधिकाऱ्याचे किती दिवस न्यायालयाच्या व्हरांड्यात जातात ते मी भोगलंय. माझ्या एका प्रकरणात सोसायटीचा अध्यक्ष तीनदा बदलला आणि दर वेळी नव्या अध्यक्षाचा वकील म्हणायचा, ‘आमच्या अशिलाला कल्पना नव्हती.’ त्या अकरा तारखांचे दिवस कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाहीत. ते दिसतात तपासणीच्या रजिस्टरमध्ये, कोऱ्या ओळींच्या रूपात.

पालिकांनी ही पथकं न नेमताच सक्ती केली की एक ठरलेली गोष्ट घडते. नोटिसा निघतात आणि फाइलला लागतात. यात अधिकाऱ्याची भीतीही असते. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागली, १४ जणांचा जीव गेला. त्या प्रकरणात अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्यालाही अटक झाली. मी त्या प्रकरणाच्या बऱ्या-वाईटात जात नाही. पण त्यानंतर आमच्या टेबलावर वातावरण काय झालं ते सांगू शकतो: दिसेल त्याला नोटीस द्या, जावक क्रमांक घ्या, आपण सुटलो. घातक इमारत आणि किरकोळ त्रुटीची इमारत, दोघांना एकाच मसुद्याची नोटीस. नोटीस देऊन अधिकारी मोकळा होतो, इमारत होती तशीच राहते. आणि उद्या काही घडलं तर तीच नोटीस ‘पालिकेला माहीत होतं’ याचा पुरावा म्हणून पुढे येते. तपासणीने माहिती हातात येते, आणि एकदा आली की तिच्यावर काहीतरी करावंच लागतं. ते ‘काहीतरी’ म्हणजेच खरा खर्च.

आता जरा कडू बोलतो. तुमच्या शहरात तपासणीत सगळ्यात नापास होणारा मालक बहुधा तुमची पालिकाच असेल. नाट्यगृह, प्रसूतिगृह, शाळा, भाजी मंडईचं संकुल, खुद्द मुख्यालय. मी एकदा आमच्याच नाट्यगृहाला नोटीस काढायची टिप्पणी पाठवली. ती ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत आली आणि चर्चा काही झाली नाही. ज्यांच्या सहीने माझी बदली होते, त्यांच्याच मालकीच्या इमारतीची वीज मी तोडणार कशी?

हे फक्त लहान शहरांचं नाही. २१ जून २०१२ ला खुद्द मंत्रालयाला आग लागली, ५ जणांचा जीव गेला. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळं दगावली, ७ वाचवता आली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. दहा महिने पुरे व्हायच्या आत, ६ नोव्हेंबर २०२१ ला, अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशीच ११ रुग्ण गेले.

ऑडिटने इतकंच होतं की काय नाही ते कळतं. त्या ‘नाही’चं ‘आहे’ व्हायला सरकारी इमारतीत जी वाट चालावी लागते ती अशी: अहवाल रुग्णालय प्रमुखाकडे, त्यावरून अंदाजपत्रक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेकडे, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग पैसा कुठल्या लेखाशीर्षातून यावर पत्रव्यवहार, मग निविदा, निविदेला प्रतिसाद नाही म्हणून फेरनिविदा. ऑडिट पंधरा दिवसांत होतं, ही वाट दोन आर्थिक वर्षं खाते. जुन्या रुग्णालयात पाण्याची टाकी, पंप, पाइप, धूरशोधक आणि दुसरा जिना बसवायचा खर्च त्या तपासणीच्या खर्चाच्या शेकडो पट असतो. तुमच्या ठरावात या कामांसाठी स्वतंत्र तरतूद नसेल, तर ‘पालिकेला माहीत होतं’ असं सांगणारे कागद तुम्ही स्वतःच्या पैशाने तयार करताय.

आग लागल्यावर होणारा सार्वजनिक खर्चही लोक विचारतात, म्हणजे त्याच्याशी तुलना करून तपासणी ‘परवडते’ असं सांगता येईल. भंडाऱ्यात राज्य सरकारने प्रत्येक बाळाच्या कुटुंबाला ५ लाखांची मदत जाहीर केली. बाकी चौकशी समित्या, उपचार, नव्याने बांधकाम हे वेगळंच. आमच्या लोकांचा हिशेबही त्यातच येतो. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाने प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गमावले. एक अनुभवी अधिकारी घडायला पंचवीस वर्षं लागतात, ती कुठल्या रकान्यात लिहिणार? तरीही माझा सल्ला असा की, ही तुलना सभेत फार ताणू नका. मोठी आग क्वचित लागते. अमुक तपासण्यांमुळे तमुक आगी टळल्या, असं एका शहरापुरतं छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही, आणि विरोधक नेमकं त्यावर बोट ठेवतील.

पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न उरतो. मालकांकडून तपासणी शुल्क घेणं सरळ दिसतं. पण २०२१ मध्ये मुंबईत अग्निसेवा शुल्क २०१४ पासून मागे जाऊन वसूल करायचं ठरलं तेव्हा रहिवाशांनी एवढा गदारोळ केला की त्याला स्थगिती द्यावी लागली. मागच्या तारखेने काहीही मागू नका, हा त्यातला धडा. पुढच्या तारखेपासून, मालमत्ता कराच्या बिलातच वेगळी ओळ, आणि त्या पैशाचं वेगळं खातं. हे नीट समजावलं तर लोक देतात. केंद्राच्या पैशाची आशा ठेवायची तर ती कशासाठी आहे ते बघा. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आली, पण तिचा रोख केंद्रं, गाड्या, साधनं आणि प्रशिक्षणावर आहे. नवा बंब आला की नारळ फुटतो, फोटो निघतो. तपासणी अधिकाऱ्याच्या पदाला मात्र पगार दरवर्षी तुमच्याच तिजोरीतून द्यायचा आहे, म्हणून ते पद रिकामं राहतं.

शिवाय सगळे मालक सारखे नसतात. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळमजल्यावरच्या पार्किंगला आग लागली आणि धूर जिन्याने वर गेला. ती झोपडपट्टी पुनर्वसनातली इमारत होती. अशा इमारतीला लाखोंची यंत्रणा बसवा म्हणून नोटीस दिली तर महिना पाचशे रुपये देखभाल गोळा करताना मेटाकुटीला येणारी सोसायटी काय करणार? तिथे एक तर पालिकेने हात लावायचा, नाहीतर जिन्याखालचे विजेचे मीटर आणि दुचाक्या हलवण्यापासून सुरुवात करायची. या दुसऱ्या गोष्टीला यंत्रणेचा खर्च नाही, आणि माझ्या अनुभवात तिचा उपयोग सगळ्यात जास्त.

तर ठरावाला मी विरोध करेन का? ‘सगळ्या इमारती, दरवर्षी’ या शब्दांना करेन. त्याऐवजी असं लिहून घ्या. ज्या इमारतींत माणसं स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकत नाहीत किंवा गर्दी असते, म्हणजे रुग्णालयं, वसतिगृहं, बालवाड्या, खासगी शिकवण्या, मंगल कार्यालयं, त्या दरवर्षी तपासा. समजा अशा ३०० आहेत. बाकीच्यांचे बी फॉर्म येऊ द्या आणि त्यातून चिठ्ठ्या टाकून २४० इमारती न कळवता गाठा. अशा ५४० तपासण्या आणि त्याच प्रमाणात फेरतपासण्या धरल्या तर तीन पथकांत काम होतं. वर्षाला ६० लाख, माणशी पंधरा रुपये. वाचलेले १ कोटी ६० लाख आपल्याच इमारतींच्या दुरुस्तीला लावा. ज्या एजन्सीचा बी फॉर्म खोटा निघेल तिचं नाव राज्याच्या अग्निशमन संचालनालयाकडे परवान्याच्या कारवाईसाठी पाठवायचं, हे ठरावातच घाला. दहा इमारतींच्या सेक्रेटरींना नोटिसा देण्यापेक्षा एका एजन्सीचा परवाना धोक्यात आला की पुढच्या जानेवारीत खरोखर पंप चालवून बघितले जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

२२ जानेवारी २०२२ ला ताडदेवच्या वीस मजली इमारतीत आग लागली तेव्हा इमारतीतली यंत्रणा चालत नव्हती, असं दलाने सांगितलं. महिना जानेवारीचाच होता, बी फॉर्मचा.

तीन पथकांसोबत एक कारकून मागायला विसरू नका. आलेले फॉर्म नोंदवणं, न आलेल्यांची यादी काढणं, फेरतपासणीच्या तारखा सांभाळणं हे काम अधिकाऱ्याकडे दिलं की तो मैदानात जायचा थांबतो. आमच्याकडे ते पद सहा वर्षं रिक्त होतं आणि फॉर्म खाकी पाकिटांत न फोडता कपाटावर पडलेले असायचे. सभेच्या आधी आठवडाभर अग्निशमन विभागाला लेखी विचारा: गेल्या जुलैत किती बी फॉर्म आले, त्यातले किती जागेवर जाऊन पडताळले, आणि पालिकेच्या स्वतःच्या किती इमारतींचे आले. उत्तराला पंधरा दिवस लागतील म्हणाले, तर कारकुनाचं पद ठरावात सगळ्यात वर घाला.